अकरा टक्के आणि चोवीस हजार तुकडे

हिशेबाचं काम करणारं एक छोटं कार्यालय. तीन कॉम्प्युटर, त्यांतल्या एकावर सगळ्यांचा डेटा. तिथल्या ताईंचा निरोप आला: "मशीन फार स्लो झालंय. दोनदा डीफ्रॅग मारून झालं, फरक शून्य. आता फॉरमॅटच मारायचं का?"

मी येईपर्यंत काहीही मारू नका, एवढंच कळवलं. डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाईलींचे तुकडे जोडून ओळीत लावणं, याबद्दल दोन पंथ आहेत. एक म्हणतो, मशीन रखडलं की डीफ्रॅग. दुसरा म्हणतो, ती विंडोज ९५ च्या जमान्यातली गोष्ट, आता कोण करतं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण या एका मशीनवर दोन्ही पंथ तोंडघशी पडले.

मशीन साधंच होतं. विंडोज १०, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी. तिचे दोन भाग: सी २०० जीबीचा, डी ७३० जीबीचा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा डीवर, आणि तो एकाच मोठ्या फाईलमध्ये. फाईलचा आकार १.६ जीबी.

"स्लो म्हणजे नक्की काय स्लो?" हा माझा पहिला प्रश्न. याचं उत्तर बहुतेक वेळा "सगळंच" असं येतं. इथे मात्र त्यांच्याकडचा तरुण मदतनीस चटकन म्हणाला, "दादा, सकाळी सॉफ्टवेअर उघडलं की 'डेटा तपासत आहे' अशी पट्टी येते. ती पुढेच सरकत नाही. एकदा उघडलं की मग बरं चालतं." निम्मं निदान त्यानेच केलं होतं. इंटरनेट, पत्रं, तक्ते, कशाबद्दलच त्याची तक्रार नव्हती. रखडत होती ती एक फाईल, तीसुद्धा पहिल्यांदा वाचताना.

मशीन रीस्टार्ट करायला लावलं आणि फोनवर वेळ मोजली. पट्टी पूर्ण व्हायला ४ मिनिटं ३५ सेकंद. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सलग १०० टक्के व्यस्त, पण प्रत्यक्ष वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम ४ एमबी. याच डिस्कने ओळीत लिहिलेली फाईल सेकंदाला शंभरेक एमबीने वाचायला हवी. कॅबिनेटला कान लावला तर आतून एकसारखी बारीक कुरकुर. डिस्क वाचणारं हेड इकडून तिकडे उड्या मारत असलं की असाच आवाज येतो. सगळी मेहनत प्रवासात जात होती, वाचन नावापुरतं.

याचं गणित अगदी सोपं आहे. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हेड एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर न्यायला त्याशिवाय काही मिलिसेकंद. तुकडे फार लांब नसले तरी एका उडीचे १० मिलिसेकंद धरायला हरकत नाही. फाईल सलग असेल तर अशा उड्या दोन-चार. तिचे हजारो तुकडे झाले असतील तर तेवढ्या उड्या.

आता दोनदा मारलेल्या डीफ्रॅगकडे. कोणीतरी 'कॉम्प्युटर सुसाट करा' छापाचं एक फुकट सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. त्याने दोन रात्री काम केलं आणि शेवटी हिरवी बरोबरची खूण दाखवली. डी ड्राईव्हवरचं फ्रॅगमेंटेशन, म्हणजे फाईलींचे तुकडे होण्याचं प्रमाण, २३ टक्क्यांवरून ११ वर आलं, असं त्याचा रिपोर्ट सांगत होता. मी विंडोजच्या स्वतःच्या साधनाने पुन्हा तपासलं, तिथेही ११ टक्केच. आकडा काही वाईट नाही. इथेच बहुतेक जण म्हणतात, म्हणजे फ्रॅगमेंटेशन हे कारण नाही, पुढे चला.

पण टक्केवारी ही अख्ख्या ड्राईव्हची सरासरी असते. तुम्ही मात्र रोज उघडता ती फाईल एकच असते. म्हणून त्या एका फाईलला विचारायला हवं, तुझे तुकडे किती? त्यासाठी सिसइंटर्नल्सच्या संचातलं मार्क रुसिनोविच यांचं कॉन्टिग नावाचं छोटं साधन मी वापरतो. ते एकेका फाईलचे तुकडे मोजून सांगतं, हवं तर तेवढीच फाईल जोडूनही देतं. आज्ञा दिली, उत्तर आलं: २४,१८६.

चोवीस हजार उड्या, प्रत्येकी १० मिलिसेकंद. २४० सेकंद, चार मिनिटं. पट्टी का सरकत नव्हती ते कळलं.

आता पुढचा प्रश्न. दोन रात्री राबलेल्या त्या सॉफ्टवेअरने नेमकी हीच फाईल का सोडली? त्याचा रिपोर्ट तळापर्यंत वाचला. कोणी वाचत नाही, मीही एरवी वाचत नाही. सगळ्यात खाली 'हलवता न आलेल्या फाईली' अशी यादी होती आणि तिच्यात पहिलं नाव हिचंच. वर मात्र हिरवी खूण. डीवर ७३० पैकी फक्त २९ जीबी मोकळे होते, म्हणजे ४ टक्के, आणि तेही चिंध्या झालेले. डीफ्रॅग म्हणजे दुसरं काय, तर सामान रिकाम्या जागी नेऊन ओळीत लावायचं. रिकामी जागाच तुकड्यातुकड्यांत असेल तर मोठी वस्तू ठेवायची कुठे? विंडोजच्या जुन्या डीफ्रॅगमेंटरला नीट काम करायला १५ टक्के जागा मोकळी लागे, आणि तेव्हाही लोक ती सूचना न वाचताच पुढे जात.

दोन निळे बाण

जागा कमी होती हे खरं, पण तेवढ्याने चोवीस हजार तुकडे होत नाहीत. काहीतरी रोज नव्याने तुकडे पाडत होतं. ते सापडलं अगदीच साध्या ठिकाणी. डेटाच्या फोल्डरमध्ये फाईलच्या चिन्हावर वरच्या कोपऱ्यात दोन छोटे निळे बाण होते, एकमेकांकडे टोक केलेले. प्रॉपर्टीज उघडल्या: आकार १.६ जीबी, डिस्कवरचा आकार १ जीबी. फाईल कॉम्प्रेस केलेली, म्हणजे जागा वाचवायला आवळून ठेवलेली होती.

मी काही न बोलता ड्राईव्हच्या प्रॉपर्टीज उघडल्या. 'डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी हा ड्राईव्ह कॉम्प्रेस करा' या चौकटीत खूण. मागून मदतनीस हळूच म्हणाला, "ती मी केली होती. जागा भरत आली होती, आणि तिथे लिहिलंच होतं की जागा वाचते."

त्याची चूक म्हणता येत नाही. तिथे लिहिलेलं असतंच, आणि जागा खरंच वाचते. त्या चौकटीत हे लिहिलेलं नसतं की रोज आतून बदलणाऱ्या फाईलला ही सोय फार महाग पडते. एनटीएफएस, म्हणजे डिस्कवर फाईली मांडणारी विंडोजची व्यवस्था, फाईल कॉम्प्रेस करते ती गठ्ठ्यागठ्ठ्याने. ४ केबीचे १६ क्लस्टर (डिस्कवरच्या जागेचे लहान कप्पे) मिळून ६४ केबीचा एक गठ्ठा. प्रत्येक गठ्ठा वेगळा आवळला जातो. पत्रासारखी एकदाच लिहून ठेवलेली फाईल असेल तर फारसं बिघडत नाही. पण हिशेबाच्या डेटाफाईलमध्ये दिवसभर मधेच कुठेतरी नोंद बदलते. मग तो गठ्ठा सोडवायचा, बदल करायचा, पुन्हा आवळायचा. आवळल्यावर तो आधीपेक्षा मोठा झाला तर जुन्या जागेत मावत नाही, मग त्याला दुसरीकडे जागा शोधायची. १.६ जीबीच्या फाईलमध्ये असे सव्वीस हजारांहून थोडे जास्त गठ्ठे होतात, आणि तुकडे होते २४,१८६. जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्याने स्वतंत्र बिऱ्हाड थाटलं होतं.

मग सरासरी फक्त ११ टक्के कशी? त्याचंही उत्तर त्याच ड्राईव्हवर होतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर रोज संध्याकाळी डेटाचा झिप बॅकअप घ्यायचं आणि तो डीवरच ठेवायचं. अशा सहाशेच्या आसपास फाईली साठल्या होत्या, एकूण ३१० जीबी. झिप आधीच आवळलेली असते. तिला आणखी आवळून काही वाचत नाही, म्हणून एनटीएफएस असे गठ्ठे जसेच्या तसे ठेवतं. या फाईली एकदा लिहिल्या की पुन्हा त्यांना कोणी हात लावत नाही. म्हणजे ड्राईव्हचा मोठा भाग न उघडल्या जाणाऱ्या, धडधाकट फाईलींनी भरलेला होता, आणि त्यांच्या चांगुलपणावर टक्केवारी सुधारत होती. (आणि बॅकअप मूळ डेटाच्याच डिस्कवर! डिस्क गेली की दोन्ही एकदम गेले. हे ताईंना सांगितल्यावर त्या काही क्षण गप्प झाल्या.)

थोडक्यात, मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, अशी गत होती. रात्री डीफ्रॅग करायचं, दिवसा कॉम्प्रेशनने पुन्हा तुकडे पाडायचे.

काम, ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने

डीफ्रॅगच्या आधी बॅकअप, याला माझ्याकडे अपवाद नाही. हे काम म्हणजे डिस्कवरचा डेटा उचलून दुसरीकडे लिहिणं. निरोगी डिस्कवर ते सुरक्षित असतं. मधेच वीज गेली तरी सहसा काही होत नाही, कारण विंडोज आधी नवी प्रत लिहितं आणि मगच जुनी जागा सोडतं. पण मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास पळवणं म्हणजे तिचा शेवट जवळ आणणं. म्हणून मूळ फाईल आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली. लागले ४ मिनिटं २० सेकंद. कॉपीचा हा माझा पहिला मोजलेला आकडा. पुढची प्रत्येक मोजणी मी रीस्टार्ट करूनच घेतली, नाहीतर विंडोज तीच फाईल मेमरीतून काढून देतं आणि आपल्याला वाटतं डिस्क सुधारली.

मग डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये मी तीनच ओळी बघतो: ०५, सी५ आणि सी६. म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, संशयित म्हणून थांबवून ठेवलेले सेक्टर आणि वाचताच न आलेले सेक्टर. तिन्ही शून्य. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, डिस्कच्या नावाने ७ क्रमांकाची, खराब ब्लॉकची नोंदही नव्हती. सी५ मध्ये शून्याऐवजी दुसरा काही आकडा दिसला असता तर डेटा बाहेर काढून नवी डिस्क मागवा असं सांगितलं असतं आणि डीफ्रॅगचं नाव काढलं नसतं. खराब सेक्टरवर अडखळणारी डिस्कही बाहेरून अशीच रखडते. लक्षण एकच, आजार वेगळा. न तपासता डीफ्रॅग मारणारे इथेच फसतात.

नंतर जागा. जुने बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हलवले, त्यांतले दोन-तीन उघडून पाहिले आणि मगच मूळ जागेवरून काढले. शेवटचे दहा राहू दिले. डी एकदम ४६ टक्के मोकळा झाला. या पायरीला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि त्यातलाही बराचसा ताईंची परवानगी मिळवण्यात. "जुनं आहे म्हणून काढायचं कसं?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर एकच होतं: काढत नाही, जागा बदलतोय.

त्यानंतर कॉम्प्रेशन. ड्राईव्हवरची खूण काढून टाकली, म्हणजे नव्या फाईली साध्या पद्धतीने लिहिल्या जातील. ड्राईव्हवरच्या आधीच्या बाकी फाईलींना मात्र हात लावला नाही. फक्त डेटाच्या फोल्डरवरचं कॉम्प्रेशन, आतल्या फाईलींसकट, बंद केलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर अर्थातच आधी बंद केलं होतं. फाईल सुटी झाली तेव्हा विंडोजने ती नव्याने मोकळ्या जागेत लिहिली.

इथे मी मुद्दाम थांबलो आणि मोजलं. कॉन्टिगचं उत्तर: २१२ तुकडे. कॉपीला १९ सेकंद.

४ मिनिटं २० सेकंदांवरून १९ सेकंदांवर, आणि अजून डीफ्रॅग सुरूही केलेलं नाही! मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात कामाचा आकडा हाच आहे. सगळ्या पायऱ्या एका दमात उरकून शेवटी मोजलं असतं, तर श्रेय डीफ्रॅगच्या पदरात पडलं असतं आणि मीही तसंच सांगत सुटलो असतो.

मग विंडोजचंच डीफ्रॅग चालवलं. अडीच तास लागले. फाईल ३ तुकड्यांत आली, कॉपीला १६ सेकंद. डीफ्रॅगची स्वतःची कमाई तीन सेकंद. तीनऐवजी एक तुकडा का नाही, असं मदतनीसाने विचारलं. तुकडे शेकडो एमबीचे असतील तर दोन उड्यांनी काहीच बिघडत नाही. विंडोज व्हिस्टापासून हे साधन ६४ एमबीहून मोठे तुकडे एरवी जोडतही बसत नाही, कारण एवढं वाचायला अर्धा सेकंद लागणार असेल तर त्यापुढे १० मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही. रंगीत चौकोनांचा नकाशा अगदी एकसंध दिसला पाहिजे, हा हट्ट जुन्या सवयीतून आलेला. एमएस-डॉस ६ सोबत १९९३ साली डीफ्रॅग आलं तेव्हापासून ते चौकोन बघत बसण्यात एक सुख होतंच, मीही तासन्‌तास बघितलेत. व्हिस्टाने नकाशाच काढून टाकला तेव्हा बऱ्याच जणांना चुकल्यासारखं झालं.

मग ते अडीच तास वाया गेले का? नाही, पण फायदा फाईलीच्या बाजूने नाही, मोकळ्या जागेच्या बाजूने झाला. बॅकअप हलवल्यावर पडलेली भोकं ड्राईव्हभर विखुरलेली होती. डीफ्रॅगने ती बरीचशी एकत्र आणली. डेटाफाईल रोज थोडी वाढते. तिच्या पुढे सलग जागा असेल तर वाढीचा भाग शेजारीच बसतो. हे आज दिसत नाही, महिन्यांनी दिसतं.

सॉफ्टवेअर उघडायची पट्टी आता ४१ सेकंदांत पूर्ण होत होती. १६ सेकंदांत का नाही? कारण फाईल वाचून झाल्यावर सॉफ्टवेअरला स्वतःची तपासणीही करायची असते. ती डिस्कची गोष्ट नाही.

जे सुधारलं नाही ते

मशीन सुरू व्हायला आधी २ मिनिटं १० सेकंद लागत, नंतर २ मिनिटं ५ सेकंद. हा फरक मी फरक मानत नाही. सी ड्राईव्हवर तुकडे मुळात कमी होते. सुरुवातीला वेळ खाणारी होती आपोआप चालू होणारी अकरा सॉफ्टवेअरं आणि फिरत्या डिस्कची जन्मजात मर्यादा. सुरू होताना हजारो छोट्या फाईली वाचाव्या लागतात. प्रत्येक फाईल सलग असली तरी एकीकडून दुसरीकडे उडी मारावीच लागते. तिथे डीफ्रॅग काही करू शकत नाही. सीसाठी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्या, असं ताईंना स्पष्ट सांगितलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं मला करायचं नव्हतं.

एक नुकसानही झालं होतं, माझ्या आधीच. डीवर फाईलींच्या जुन्या आवृत्त्या जपण्याची विंडोजची सोय चालू होती. ताईंनी एका तक्त्याची मागच्या आठवड्यातली आवृत्ती शोधली तर यादी रिकामी. हा प्रकार माहितीतला आहे. क्लस्टर १६ केबीपेक्षा लहान असतील तर डीफ्रॅगने हलवलेला डेटा ही सोय 'बदललेला' समजते आणि त्याच्या प्रती ठेवत जाते. तिला दिलेली जागा भरली की जुन्या आवृत्त्या गळून पडतात. दोन रात्रींच्या धुमाकुळात नेमकं हेच झालं. तो तक्ता शेवटी एका ईमेलला जोडलेला सापडला.

ते सुसाट सॉफ्टवेअर काढून टाकताना आणखी एक गोष्ट दिसली. त्याने विंडोजचं आठवड्याचं आपोआप होणारं ऑप्टिमायझेशन, म्हणजे विंडोजचं स्वतःचं डीफ्रॅग, बंद करून ठेवलं होतं, बहुधा आपली गरज टिकावी म्हणून. ते पुन्हा चालू केलं. फिरत्या डिस्कला तेवढं पुरतं.

निघताना ताई म्हणाल्या, "त्या दुसऱ्या मशीनवरही हे करून द्या ना." दुसऱ्या मशीनमध्ये एसएसडी होती. तिला हेड नाही, फेरे नाहीत, म्हणून उड्यांचा खर्चही नाही. तुकड्यांसाठी सगळा डेटा हलवायचा म्हणजे मोजक्या लेखनक्षमतेतला वाटा उगाच खर्च करायचा. ऑप्टिमाइझ ड्राईव्हज उघडून फक्त एवढं बघितलं की विंडोज तिला 'सॉलिड स्टेट ड्राईव्ह' म्हणून ओळखतंय का. ओळखत होतं. म्हणजे तिथे ते कोणते भाग रिकामे झाले ते डिस्कला कळवतं, यालाच ट्रिम म्हणतात. एसएसडीवर विंडोज कधीच डीफ्रॅग करत नाही असं मात्र नाही. जुन्या आवृत्त्यांची सोय चालू असेल तर अधूनमधून ते मर्यादित प्रमाणात करतं, कारण तुकड्यांची नोंद ठेवण्यालाही फाईल सिस्टीमची हद्द असते. ते त्याचं ते बघून घेतं. आपण वरून बटण दाबायची गरज नाही.

मदतनीसाला एक काम लावून दिलं: दर सोमवारी सकाळी पट्टीला किती सेकंद लागतात ते वहीत लिहायचं. तीन महिन्यांनी गेलो तेव्हा वही समोर होती. ४१, ४१, ४३, ४०, मधे एकदा ५८. त्या दिवशी अँटिव्हायरसचं स्कॅन चालू होतं, असं शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं. डेटाफाईलचे तुकडे २७. चौकटीतली खूण काढलेलीच होती. सीमध्ये नवी एसएसडी अजून आली नव्हती.